सावकाश दाब

हे मी लिहिणार नव्हते खरं तर. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. एक तर यात कंप्युटर आहे, आणि कंप्युटरचं नाव काढलं की निम्मे लोक पान उलटतात. दुसरं म्हणजे ज्याच्याबद्दल लिहायचं तो मामाच म्हणाला, त्यात काय लिहायचंय, एक बग होता, गेला. बग म्हणजे प्रोग्राममधली चूक. पण परवा मामीने कापड बेतता बेतता मला सगळं सांगितलं आणि मी तिच्या बटणांच्या पत्र्याच्या डब्यावर बसून इतकी रडले की ती म्हणाली, अगं ऊठ, डबा चेपेल. म्हणून लिहितेय. एका दमात, कारण थांबले तर परत पुसेन.

तर मामा. मामा लिफ्ट दुरुस्त करतो. वय सत्तेचाळीस, पोट जरा पुढे आलेलं, केस जरा मागे गेलेले, आणि बोटांच्या पेरांमध्ये ग्रीसची काळी रेघ, कुठलाही साबण लावा, जात नाही. लग्नातल्या फोटोतही ती रेघ दिसते, मामी दाखवते सगळ्यांना.

त्याच्या कामातली एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे. प्रत्येक लिफ्टच्या पोटात एक नोंद होत असते. कुठल्या मजल्यावर दार कधी उघडलं, कधी मिटलं, मिटता मिटता परत कधी उघडावं लागलं. बाकीचे मेकॅनिक काही बिघडलं तरच ती नोंद बघतात. मामा ती अशीच वाचतो, लोक पेपर वाचतात तशी. एकदा एका इमारतीत त्याला दिसलं की पाचव्या मजल्यावर रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दार तीनदा मिटायला जातं आणि तीनदा परत उघडतं. बास, एवढंच. मामा म्हणाला, इथे कोणीतरी काठी घेऊन चालणारं राहतं. आणि त्याने पाचव्या मजल्यापुरतं दार तीन सेकंदांऐवजी सात सेकंद उघडं राहील असं करून टाकलं. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी आभारही मानले नाहीत, कारण कोणाला कळलंच नाही. फक्त पुढच्या आठवड्यापासून नोंदीत दार एका झटक्यात मिटलेलं दिसायला लागलं. हे सांगताना तो अजूनही असा हसतो की वाटतं याला बक्षीस मिळालंय.

आता दुसरं काम. संध्याकाळी घरी आला की हात धुवायचे, चहा घ्यायचा आणि भिंतीकडच्या टेबलाशी बसायचं. त्याच खोलीत अर्धी जागा मामीच्या शिलाई मशीनची आहे. ती खरं तर अर्ध्यापेक्षा जास्त आहे, पण मामा तक्रार करत नाही. एका बाजूला मशीनची घरघर, दुसऱ्या बाजूला कीबोर्डची टकटक, आणि मध्ये जमिनीवर कापडाच्या चिंध्या. मामी लोकांचे कपडे शिवते आणि त्याहून जास्त उसवते, म्हणजे तयार कपडे घट्ट झाले, सैल झाले, की लोक तिच्याकडे आणतात.

आणि मामा टेबलाशी बसून जे करतो ते असं. कंप्युटरवर आपण चार गोष्टी उघडतो, चार खिडक्या दिसतात. कुठली पुढे, कुठली मागे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपण दाबलेलं अक्षर कुठल्या खिडकीत जायचं, हे कोणीतरी ठरवावं लागतं ना? ते ठरवणाऱ्या प्रोग्रामला कंपोझिटर म्हणतात. कंपोझिटरने आणि खिडक्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे वेलँड नावाचे नियम आहेत. ते पाळणारे बरेच कंपोझिटर जगात आहेत, त्यातला एक छोटासा, 'मांडणी' नावाचा, मामा सांभाळतो. वापरणारे असतील हजारभर लोक, कुठेकुठे पसरलेले. मामा म्हणतो, चांगला कंपोझिटर तोच जो आहे हेच कळत नाही. लिफ्टची आठवण कोणाला कधी येते, बंद पडल्यावर.

पण मांडणी त्याची एकट्याची नाही, मुळात तर त्याची नाहीच. ती कासवाची.

कासव हे टोपणनाव. मामाचं 'लिफ्टवाला'. नऊ वर्षांपूर्वी मामाला मांडणीत एक बारीकशी चूक दिसली, ती कळवायला गेला आणि तिथेच राहिला. नऊ वर्षं दोघं रोज एकमेकांना लिहितात, आणि एकदाही आवाज ऐकलेला नाही, फोटो पाहिलेला नाही. दोघांचा नियम एकच आणि कडक: ज्याने दुरुस्ती लिहिली त्याने ती स्वतःच्या हाताने मांडणीत टाकायची नाही. दुसऱ्याने वाचायची, पटली तरच त्याने आत घ्यायची. एका अक्षराची का असेना. आणि कासव वाचायचा म्हणजे कसा, तर डोळ्यांत तेल घालून. दुरुस्ती कितीही चांगली असो, कारण नीट लिहिलं नसेल तर खाली त्याचा एकच शब्द यायचा: "का?" मामा चिडायचा, मामीला म्हणायचा, बघ, याला तीन तास राबून दिलं तर हा विचारतो 'का?' आणि मग मुकाट कारण लिहायचा. कारण लिहिता लिहिता निम्म्या वेळा त्याला स्वतःलाच कळायचं की दुरुस्ती चुकली आहे.

पाचव्या वर्षी कळलं की दोघं एकाच शहरात राहतात. मामाचा कीबोर्ड गेला होता, कासवाने त्याच्याकडचा एक जास्तीचा पाठवला, आणि खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता. नदीच्या पलीकडे, बसने पाऊण तास. मामा उडालाच. लगेच लिहिलं, अरे मग भेटू की. कासवाने लिहिलं, भेटू. त्याला चार वर्षं झाली. खोक्यात आता मामाचे स्क्रू असतात.

मामी अधूनमधून टोमणा मारायची की माझ्या माहेरच्यांशी नऊ वर्षांत एवढं बोलला असतात तर त्यांनी तुम्हाला दत्तक घेतलं असतं. मामा म्हणायचा, ते मध्ये मध्ये 'का?' विचारत नाहीत ना.

आता झालं असं की या वर्षी कासव बदलला. उत्तरं उशिरा यायला लागली. लांब लिहायचा तो दोन-तीन शब्दांवर आला. मामाला वाटलं, कंटाळला असेल, किंवा रागावला असेल. विचारलं नाही. विचारायचं काय, त्यांच्यात तसलं काही बोलायची पद्धतच नव्हती, ते फक्त खिडक्यांबद्दल बोलायचे. त्यात मांडणीची नवी आवृत्ती महिनाअखेरीस काढायची ठरली होती, मामा त्या घाईत.

आणि एका शुक्रवारी कासवाने स्वतःच एक तक्रार नोंदवली. मी ती वाचलीय, मामाने दाखवली. अशी होती: लिखाणाची खिडकी बंद करायला 'बंद' वर जाऊन एंटर दाबतो. 'लिहिलेलं न ठेवता बंद करू का' असं विचारणारी छोटी खिडकी उघडते, आणि मी वाचायच्या आत तिला होय असं उत्तर जातं. मी उत्तर दिलेलं नसतं. आज अकरा पानं गेली. सोबत नोंदीची फाइल जोडली आहे.

ती अकरा पानं म्हणजे कासव मांडणीचं माहितीपुस्तक लिहीत होता, नवीन माणसाला समजेल असं. त्याला दोन महिने लागले होते अकरा पानांना. हे मामाला तेव्हा माहीत नव्हतं.

मामाने करून पाहिलं. एंटर दाबला, छोटी खिडकी आली, थांबली, शहाण्यासारखी उत्तराची वाट बघत बसली. चाळीस वेळा केलं, चाळीसही वेळा तेच. मग त्याने ते लिहिलं जे या धंद्यातले सगळे लिहितात आणि ज्याच्यावरून सगळे एकमेकांची टर उडवतात. "माझ्याकडे होत नाही." आणि तक्रार बंद केली.

कासवाने परत उघडली. लिहिलं, माझ्याकडे होतं.

मामाने लिहिलं, कीबोर्ड तपास, एंटर अडकत असेल.

कासवाने लिहिलं, कीबोर्ड ठीक आहे. नोंद बघ.

नोंदीची फाइल चार हजार ओळींची होती. मामाने वरवर चाळली, सगळं नेहमीसारखं वाटलं, बंद केली. दिवसभरात तीन लिफ्ट करून आला होता, खांदे भरून आले होते, आणि नव्या आवृत्तीची सतरा कामं डोक्यावर होती. हे मी त्याची बाजू घ्यायला सांगत नाहीये, तो स्वतः कधी सांगत नाही, मामीने सांगितलं. तर त्या वैतागात त्याने लिहिलं, "मग तू दोनदा दाबत असशील. घाई होत असेल. सावकाश दाब." आणि तक्रार पुन्हा बंद.

यावर कासवाचं उत्तर आलं, "बरं."

शनिवार गेला, रविवार गेला. मामा आपल्या दोन दुरुस्त्या ठेवून बसला, कासवाने वाचल्या नाहीत. सोमवारी संध्याकाळी त्याचा निरोप आला. त्यात लिहिलं होतं की यापुढे मांडणी तू एकट्याने बघ. सगळे अधिकार तुझ्या नावावर केले आहेत. नियम आता लागू नाही, तुझ्या दुरुस्त्या तूच आत घे. नव्या आवृत्तीला शुभेच्छा.

मामाने तो निरोप दोनदा वाचला. मग मामीला वाचून दाखवला. मामी म्हणाली, बरं झालं की, तुमची आवृत्ती अडली होती ना, आता कोणी 'का?' विचारणार नाही, टाका आत. मामाने हात कीबोर्डवर ठेवला, आणि काढून घेतला. त्याला ते जमेचना. नऊ वर्षांत स्वतःची एक ओळ त्याने स्वतः आत घेतली नव्हती. तो म्हणाला, ही मांडणी त्याची आहे गं, मी भाडेकरू आहे. घरमालकच निघून गेला तर मी इथे काय करू.

मंगळवारी त्याने तीनदा लिहिलं. काय झालं, रागावलास का, निदान बोल. कासव गप्प.

बुधवारी संध्याकाळी तो खोलीत येरझाऱ्या घालत होता, चिंध्या तुडवत, आणि मामीचं डोकं फिरलं. तिने मशीन थांबवलं आणि विचारलं, तुम्ही त्याला शेवटचं काय बोललात ते नीट सांगा, शब्द न् शब्द. मामाने सांगितलं. तक्रार काय, आपण काय तपासलं, काय लिहिलं. "सावकाश दाब" पर्यंत आला तेव्हा मामीने सुई तोंडातून काढली. तिच्या मांडीवर कोणाचातरी कोट होता, खांद्यात उसवलेला.

ती म्हणाली, "हा कोट आखडतोय म्हणून ती बाई आली. मी तिला असं म्हटलं का, की बाई, तू खांदे कापून आण?"

 मामी परत मशीन चालवायला लागली. पण ते वाक्य मामाला असं लागलं की तो जेवताना दोनदा म्हणाला, खांदे कापून आण म्हणे.

गुरुवारी दुपारी तो एका सात मजली इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होता. छोटी खोली, एक मोटर, लोखंडी दोरांचं मोठं चाक, ग्रीसचा वास, आणि खालून कोणी बटण दाबलं की ब्रेक सुटल्याचा खट्ट आवाज. जेवणाची सुट्टी. डबा उलट्या बादलीवर, लॅपटॉप गुडघ्यावर. आणि त्याने कासवाची ती चार हजार ओळींची नोंद उघडली आणि पहिल्यांदाच ती त्याने लिफ्टची नोंद वाचतात तशी वाचली. काय बिघडलंय हे शोधायला नाही. कोण राहतं हे बघायला.

प्रत्येक ओळीत इतकंच असतं: कुठलं बटण, कधी दाबलं, कधी सोडलं, सेकंदाच्या हजाराव्या भागात. मामाने आधी स्वतःच्या कंप्युटरची नोंद शेजारी ठेवली. त्याचं बोट एका बटणावर नव्वद राहतं, शंभर राहतं. आपल्या सगळ्यांचं साधारण तेवढंच. कासवाचं होतं सहाशे चाळीस. आठशे दहा. सातशे. एके ठिकाणी बाराशे, म्हणजे सेकंदाहून जास्त. बोट बटणावर गेलं आहे आणि उचललं जात नाहीये.

मामाच्या लॅपटॉपवर कासवाची तीन वर्षांपूर्वीची एक नोंद होती, दुसऱ्याच कुठल्या बगसाठी पाठवलेली. ती उघडली. तिच्यात पंच्याऐंशी, नव्वद, ऐंशी.

खाली कोणीतरी लिफ्ट बोलावली. ब्रेक खट्ट वाजला, चाक फिरलं, थांबलं. मामाचा घास हातातच राहिला होता.

त्याने डबा बाजूला केला, लिखाणाची खिडकी उघडली, एंटर दाबला, आणि बोट उचललं नाही. मनात मोजायला लागला, एक. छोटी खिडकी आली आणि त्याच्या डोळ्यांसमोर, कोणी काही न विचारता, होय म्हणून नाहीशी झाली. परत केलं. परत तेच. चाळीस वेळा करून न झालेली गोष्ट आता दर वेळी होत होती. लागत होतं फक्त बटणावर टेकून राहिलेलं बोट.

म्हणजे काय होत होतं ते सांगते, सोपं आहे. नवी खिडकी उघडली की मांडणी तिला एक यादी देते, आत्ता या घडीला कुठली बटणं दाबलेली आहेत त्यांची. नियमातच आहे ते. पण काही खिडक्या ती यादी वाचून समजतात की बटण आपल्याचसाठी दाबलंय. आपलं बोट नव्वदात उठतं, खिडकी येईपर्यंत यादी रिकामी. कासवाचं बोट तेव्हा अजून बटणावरच असायचं. जितकं सावकाश दाबेल तितक्या खात्रीने पानं जायची. आणि मामाने त्याला काय सांगितलं होतं? इथे मामीलासुद्धा हुंदका आला सांगताना, आणि ती रडणाऱ्यातली नाही.

मामाने साहेबांना फोन करून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, घरी आला आणि कपाटावरून ते खोकं काढलं. मामीने विचारलं स्क्रू कशाला हवेत, तर म्हणाला, स्क्रू नकोत, खोकं हवंय. मामीने सगळे स्क्रू एका पातेल्यात ओतले आणि खोक्याची पत्ता असलेली बाजू कात्रीने सरळ कापून त्याच्या हातात दिली. म्हणाली, आधी माफी मागा, मग बगबिग.

नदीपलीकडे बसमधून उतरल्यावर त्याला घर सापडायला वेळ लागला नाही. चार मजली इमारत, खाली सायकली, जिन्याखाली एक जुना वजनकाटा, पितळी पारड्यांचा. आणि कासवाचं घर तळमजल्यावर. मामा हातात पुठ्ठा आणि खांद्याला हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा. सवयीने पिशवी पण आणली होती. दार एका बाईंनी उघडलं, चाळिशीच्या असतील, त्यांनी पिशवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, चुकलात तुम्ही, आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. मामा म्हणाला, लिफ्टसाठी नाही आलो. आणि मग काय म्हणावं त्याला सुचेना, त्याला खरं नावच माहीत नव्हतं, म्हणून त्याने विचारलं, "कासव आहेत का?"

त्या बाई कासवाची मुलगी. त्यांनी पुठ्ठ्यावरचं बाबांचं अक्षर ओळखलं आणि दार पूर्ण उघडलं. म्हणाल्या, तुम्ही लिफ्टवाले. बाबा रोज तुमच्याशी भांडतात, गेले पाच दिवस भांडले नाहीत म्हणून मला काळजी होती.

आत गेला आणि मामाची आणखी पंचाईत झाली. नऊ वर्षं तो ज्याला अरे कासवा, तू झोपला आहेस का, असं लिहीत होता तो माणूस चांगला पंचाहत्तरीचा होता. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, उंच पाठीच्या खुर्चीत ताठ बसलेला. आयुष्यभर दुकानादुकानांतून वजनकाटे तपासायची नोकरी केलेला, म्हणूनच तो 'का?'. हात मांडीवर, एकावर एक ठेवलेले, आणि वरचा हात खालच्याला धरून असल्यासारखा.

मामा म्हणाला, "तुम्ही..."

कासव म्हणाले, "'तुम्ही' म्हणालास तर दुरुस्ती परत पाठवीन." आवाज बारीक, पण साफ. "आणि काय रे, लिफ्टवाला माणूस, आणि येऊन येऊन तळमजल्यावर आलास?"

मुलगी स्वयंपाकघरात हसली. मामा पण हसला, आणि हसता हसताच त्याने मामीने सांगितलेलं आधी करून टाकलं. म्हणाला, मी नोंद वाचली नव्हती. आज वाचली. मी चुकलो.

 मग कासव सांगायला लागले, तक्रार केल्यासारखं नाही, काट्याची तपासणी सांगावी तसं. दोन वर्षं झाली. डॉक्टर नसांचं काहीतरी सांगतात, लांबलचक नाव आहे. दुखत नाही. फक्त हाताला सांगितलेलं उशिरा पोचतं, आणि पोचलं की लवकर सोडवत नाही. मामाने विचारलं, मग मला का नाही सांगितलंस. यावर कासव जे म्हणाले ते मामाने मामीला सांगितलं आणि मामीने मला:

"सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी काहीतरी करून दिलं असतंस. म्हाताऱ्याची सोय म्हणून. मला सोय नको होती. काटा खोटा असेल तर काटा दुरुस्त करायचा, गिऱ्हाईकाच्या पिशवीला दोष द्यायचा नाही. माझा हात हा बग नाही. बग मांडणीत आहे. तो तू तुझ्या डोळ्यांनी बघावास एवढंच हवं होतं. नाही दिसला, तर म्हटलं, आता आपलं काही तिथे काम नाही."

 मामाने लॅपटॉप काढला.

चहा झाला, तो गार झाला, परत झाला. मामा लिहीत होता, कासव शेजारच्या खुर्चीतून बघत होते. पहिली दुरुस्ती दहा मिनिटांत झाली: नव्या खिडकीला यादी रिकामीच द्यायची. मामा खूश. कासवांनी आपला कीबोर्ड ओढला, डाव्या हाताने शिफ्ट धरला, धरूनच नवी खिडकी उघडली, आणि उजव्या हाताने, सावकाश, एक अक्षर दाबलं. चुकीचं उमटलं. खिडकीला शिफ्ट धरलाय हे कळलंच नव्हतं. कासव त्या अक्षराकडे बघत राहिले, आणि मामा म्हणाला, कळलं, कळलं. तो म्हणतो, नऊ वर्षं मला वाटायचं याचा 'का?' हा टोचून विचारलेला असतो. चेहऱ्यावर तसं काही नव्हतंच. त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं.

दुसरी दुरुस्ती नीट झाली. शिफ्टसारखी धरून ठेवायची बटणं तेवढी यादीत द्यायची. बाकीचं कुठलंही बटण ज्या खिडकीत दाबलं तिचंच, बोट उठेपर्यंत. मध्ये दहा खिडक्या उघडोत. मग कासवांनी एंटर दाबला. बोट तिथेच राहिलं. छोटी खिडकी आली, 'लिहिलेलं न ठेवता बंद करू का', आणि थांबली. बोट अजून बटणावर. खिडकी थांबलेली. बोट उठलं. खिडकी तशीच, वाट बघत. कासवांनी प्रश्न वाचला, दोनदा वाचला असेल, आणि मग बाण दाबून 'नाही'वर गेले आणि 'नाही' निवडलं.

मुलगी दारात उभी होती, हातात कप. ती म्हणाली, बाबा. एवढंच.

मामाने दुरुस्ती पाठवली. शेजारी शेजारी बसलेले दोघं, मध्ये एका हाताचं अंतर, तरी त्याने ती रीतसर पाठवली, कारण नियम. अधिकार त्याच्याच नावावर होते, तो स्वतः आत घेऊ शकला असता. कासवांच्या स्क्रीनवर ती आली. त्यांनी वाचली, ओळ न् ओळ, बोट स्क्रीनवरून फिरवत. आणि खाली टाइप केलं. एक अक्षर आणि एक चिन्ह, त्याला किती वेळ लागला ते मामा बघत होता आणि त्याने मान फिरवली नाही.

"का?"

कारण लिहायचं राहिलं होतं. आनंदाच्या भरात विसरलाच होता. मग मामाने लिहिलं. मी ते पाहिलंय, मांडणीच्या नोंदीत ते कायमचं आहे, कोणीही जाऊन वाचू शकतं. लिहिलंय: "कारण बोट उचलायला प्रत्येकाला सारखाच वेळ लागत नाही, आणि आपण तो लागतो असं धरून चाललो होतो."

कासवांनी मामाचा लॅपटॉप ओढला, अधिकारांचं पान उघडून स्वतःचं नाव परत घातलं. मग ती दुरुस्ती आत घेतली. मामाला म्हणाले, पहिल्या ओळीत एक स्वल्पविराम जास्त आहे, तो उद्या काढ.

नवी आवृत्ती महिनाअखेरीस निघाली नाही, नऊ दिवस उशिरा निघाली, कारण त्या अकरा पानांचं पुस्तक परत लिहायचं होतं आणि कासव म्हणाले त्याच्याशिवाय काढायची नाही. आता दर गुरुवारी दुपारी मामा पलीकडे जातो, पुस्तकात अजून भर घालायला. कासव सांगतात, मामा टाइप करतो, आणि दोन पानं झाली की कासव म्हणतात, सरक, आता मी, आणि एक परिच्छेद स्वतः लिहितात. त्यांचं अजून तू-तूच चालतं. हात बरा होणार नाहीये, ते दोघांना माहीत आहे, त्यावर ते बोलत नाहीत, खिडक्यांवर बोलतात.

खोकं मामीने फेकलं नाही. कापलेली बाजू चिकटपट्टीने परत लावली, पत्ता बाहेर, आणि स्क्रू परत आत.

मी हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं शेवटी काहीतरी छान सुचेल, नाही सुचत. मला सारखं एवढंच आठवतंय की पाऊण तासाचं अंतर होतं आणि दोघांनी 'भेटू' लिहून चार वर्षं घालवली. तुमच्याकडेही कोणीतरी असेल ज्याची उत्तरं हल्ली उशिरा येतात, छोटी येतात, आणि तुम्ही समजून चाललाय की तो कंटाळला. त्याचा पत्ता घरात कुठेतरी असतो, कुठल्यातरी खोक्यावर. शोधा आणि जा. या आठवड्यातच जा.